‘कालबाह्य’ कुणी ठरवायचं? अर्थात आयएसए बसचं वकीलपत्र

आधीच सांगून ठेवतो, आजचा लेख थोडा टेक्निकल आहे आणि बऱ्यापैकी भांडखोर आहे. शनिवारी दुपारी पुरणपोळी खाऊन वाचायला घेतलात तर झोप लागण्याची शक्यता आहे. पण शेवटपर्यंत टिकलात तर पुढच्या वेळी एखादं मशिन विकत घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचाराल, एवढी खात्री देतो.

भांडण कुणाशी? तर आमच्याच जातकुळीतल्या, म्हणजे आयटीतल्या त्या मंडळींशी, ज्यांना जुना कोड दिसला की हात शिवशिवतात. “लिनक्स कर्नेलमध्ये अजून आयएसए प्लग अँड प्लेचा सपोर्ट आहे? कोण वापरतं रे ते? उडवून टाका!” हे वाक्य मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता चहा कडू लागतो. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयएसए कार्ड आयुष्यात पाहिलेलं नसतं. मी स्वतः जन्मलो तेव्हा विंडोज ९५ बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे हा काही माझ्या बालपणीच्या आठवणींचा गहिवर नाही. ‘जुनं ते सोनं’ या पंथाचा तर मी अजिबात नाही. माझा मुद्दा सरळ व्यवहाराचा आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

आयएसए ही पीसीच्या मदरबोर्डवरची जुनी बस. १९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर ती ८ बिटांची होती, १९८४ च्या एटी मॉडेलबरोबर १६ बिटांची झाली. साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड, सगळं त्या लांबलचक काळ्या स्लॉटांत बसायचं. गोची अशी की प्रत्येक कार्डाला स्वतःचा पोर्ट पत्ता, स्वतःची इंटरप्ट लाइन, आणि कधीकधी डीएमए चॅनेल लागायचा. इंटरप्ट लाइनी एकूण १६. त्यातल्या टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, घड्याळ, हार्ड डिस्क यांनी आधीच रुमाल टाकून ठेवलेल्या. उरलेल्या चार-पाच जागांत बाकीच्यांनी बसायचं. आणि इथे लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी “जरा सरका” ही तडजोड चालायची नाही. दोन कार्डं एका लाइनीवर आली की मशिन हँग. मग स्क्रू काढा, कार्ड बाहेर काढा, जम्पर बदला, परत लावा, आणि देवाचं नाव घेऊन पॉवर ऑन करा.

यावर १९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आयएसए प्लग अँड प्ले नावाचा नियम काढला. तो मला आजही भारी वाटतो. विचार करा, सगळी कार्डं एकाच तारांच्या जुडग्यावर लटकलेली आहेत, कुणालाही स्वतंत्र पत्ता नाही. मग एकेकट्याला हाक मारायची कशी? उपाय असा. सॉफ्टवेअर हेक्स २७९ या पोर्टवर ३२ बाइटांची एक ठरलेली किल्ली लिहितं. तो पोर्ट प्रिंटरच्या स्टेटससाठी आधीपासून राखीव, म्हणजे तिथून फक्त वाचायचं असतं, त्यामुळे लिहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. किल्ली ऐकून सगळी प्लग अँड प्ले कार्डं जागी होतात. प्रत्येकाकडे ७२ बिटांची ओळख असते: ३२ बिट कंपनी आणि मॉडेलचे, ३२ बिट अनुक्रमांकाचे, ८ बिट पडताळणीचे. मग एकेका बिटाची हजेरी सुरू होते. ज्याचा बिट १ तो ओरडतो, ज्याचा ० तो कान देऊन ऐकतो. दुसरा कुणी ओरडलेला ऐकू आला की ० वाल्याने त्या फेरीतून मुकाट बाहेर पडायचं. ७२ बिट संपले की एकच भिडू उरतो. त्याला नंबर द्यायचा, आणि उरलेल्यांची परत पहिल्यापासून हजेरी घ्यायची. नंबर मिळालेलं कार्ड मग सांगतं, मला अमुक पोर्ट चालतील, तमुक इंटरप्ट चालतील. सॉफ्टवेअर सगळ्यांचं ऐकून जागावाटप करतं. आमच्या चाळीच्या मीटिंगमध्ये पाणी सोडायच्या वेळेवरून जे होतं त्यापेक्षा हे कितीतरी शिस्तशीर.

लिनक्सवर सुरुवातीला हे काम कर्नेल करतच नव्हतं. आयएसएपीएनपीटूल्स नावाची बाहेरची अवजारं होती. एक प्रोग्राम चालवून कार्डांची यादी फाइलमध्ये काढायची, हव्या त्या ओळींपुढची कॉमेंटची खूण काढायची, आणि बूट होताना दुसऱ्या प्रोग्रामने ती फाइल वाचायची. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नेलमध्ये हा सपोर्ट खुद्द कर्नेलमध्ये होता. त्या कोडवर नाव आहे यारोस्लाव किसेला यांचं, म्हणजे लिनक्सवर आवाज ज्याच्यामुळे येतो त्या आल्सा प्रकल्पाच्या जनकाचं. पुढे डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये अ‍ॅडम बेले यांनी लिहिलेला एक सामाईक थर आला: आयएसएची कार्डं असोत, जुन्या बायोसने सांगितलेली उपकरणं असोत की एसीपीआयने सांगितलेली, सगळ्यांची नोंदणी एकाच खिडकीवर.

ओळख संपली. आता भांडण.

कॅन्टीनवाल्यांचा पहिला दावा: हे मेलेलं आहे. बरं, मग एक काम करा. कर्नेलच्या सोर्समध्ये सिरियल पोर्टच्या फोल्डरात ‘८२५०_पीएनपी.सी’ नावाची फाइल आहे, ती उघडा. आत एक लांबच्या लांब यादी आहे. रॉकवेल, हेज, बोका रिसर्च, यू.एस. रोबोटिक्स, सगळे जुने मोडेम रांगेत उभे. पहिल्या नजरेला स्मशान वाटेल. पण त्याच यादीत ‘पीएनपी०५०१’ अशी एक ओळ आहे. ती म्हणजे साधा १६५५०ए जातीचा सिरियल पोर्ट. आज केव्हीएमवर चालणारी आभासी मशिन आपला सिरियल कन्सोल एसीपीआयमार्फत याच नावाने जाहीर करते. म्हणजे रात्री दोन वाजता तुमच्या क्लाउडमधल्या सर्व्हरचं नेटवर्क गेलं की ज्या कन्सोलच्या काळ्या खिडकीतून तुम्ही आत शिरता, तिला ओळखणारी ओळ आणि हेजच्या मोडेमला ओळखणारी ओळ एकाच कोष्टकात शेजारी राहतात. स्लॉट गेले, पण ओळख पटवायची पद्धत राहिली. ज्याला तुम्ही मढं म्हणताय ते रोज सकाळी तुमच्या आधी कामाला लागतं.

दुसरा दावा जरा वजनदार आहे: जुना कोड म्हणजे सुरक्षेला भोक. हे मी उडवून लावणार नाही. २०१५ साली व्हेनम नावाची त्रुटी गाजली होती. क्यूइमूमधल्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली चूक, जिच्यामुळे आभासी मशिनमधून बाहेर उडी मारता येण्याची शक्यता होती. फ्लॉपी! जी कुणी वापरत नव्हतं! पण यातून धडा काय घ्यायचा? ज्याला गरज नाही त्याच्या घरी ते चालू ठेवू नका, हा धडा. आयएसए प्लग अँड प्लेच्या बाबतीत कर्नेलवाल्यांनी तेच केलंय. पीसीवर तो पर्याय ३२ बिटांच्या कर्नेलपुरताच आहे. तुमच्या ६४ बिटांच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर तो कंपाइलच होत नाही. जो कोड तुमच्या मशिनवर येतच नाही त्याने तुमच्या मशिनला भोक कसं पडणार?

तिसरा दावा: सांभाळायचा खर्च. आतल्या फंक्शनांची रचना बदलली की कुणालातरी या जुन्या फायलींतही हात घालावा लागतो. हे शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच माझी भूमिका ‘काहीच काढू नका’ अशी नाही. आयबीएमच्या मायक्रोचॅनेल बसचा सपोर्ट २०१२ साली ३.५ कर्नेलमधून गेला, त्याच वर्षी डिसेंबरात ३८६ प्रोसेसरचा गेला. मला त्यात अन्याय दिसत नाही. जो ड्रायव्हर कुणी वापरून बघत नाही, ज्याला कुणी वाली नाही, तो ‘आहे’ असं म्हणणं ही वापरणाऱ्याची फसवणूकच. काढताना सांगून काढा, कारण लिहून काढा. गिटच्या इतिहासात तो राहतोच, ज्याला हवा तो उकरून घेईल. माझा आक्षेप आहे तो ‘मला लागत नाही’ याचं भाषांतर ‘कुणालाच लागत नाही’ असं करण्याला.

कारण लागतं. लोअर परळला एका औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या काकांचा गाळा आहे. पितळेच्या नेमप्लेट, ट्रॉफीवरच्या पट्ट्या, मंडळांची सन्मानचिन्हं असं कोरीव काम. मशिन लोखंडी, दणकट, अजून वीस वर्षं सहज चालेल. ते चालवणारं कार्ड आयएसएचं, पीसी विंडोज ९८ चा. पीसीच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि गणपतीच्या तोंडावर काम बंद. मशिन विकणारी कंपनी कधीच गुंडाळलेली. नवीन मशिनचं कोटेशन ऐकून काका मला म्हणाले, “अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? यात काय होतं का बघ.”

मी त्यांच्याच जुन्या डब्यांतला एक चालू पीसी घेतला, कार्ड त्यात खोचलं आणि ३२ बिटांच्या लिनक्सच्या सीडीवरून बूट केलं. कर्नेलने कार्ड ओळखलं. ओळख क्रमांक छापला, पोर्ट दिला, इंटरप्ट दिला. प्लग अँड प्लेने आपलं काम चोख केलं. आणि तिथेच गाडी अडली. कारण त्या पोर्टवर काय लिहिलं की सुई खाली जाते आणि काय लिहिलं की डावीकडे सरकते, हे फक्त त्या बंद पडलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरला माहीत. त्याचा सोर्स नाही, कागद नाहीत, विचारायला माणूस नाही.

या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी दिशाभूल इथे आहे. ‘प्लग अँड प्ले’ या नावाने गेली तीस वर्षं लोकांना असं वाटत आलंय की लावलं की चालतं. तसं काही नसतं. प्लग अँड प्ले म्हणजे दारावरच्या वॉचमनने पाहुण्याचं नाव लिहून घेऊन त्याला खुर्ची देणं. त्याच्याशी बोलायला भाषा येणारा माणूस घरात लागतो. तो माणूस म्हणजे ड्रायव्हर. आणि तो घरात राहील की नाही हे बसच्या वयावर नाही, त्याची भाषा कुठे लिहून ठेवली आहे का यावर ठरतं.

याचा पुरावा मोडेममध्येच आहे. आयएसएचे खरे हार्डवेअर मोडेम कर्नेलला साध्या सिरियल पोर्टसारखे दिसायचे, आणि सिरियल पोर्टची भाषा जगजाहीर होती. म्हणून ते वर सांगितलेल्या यादीत अजून आहेत. त्यांच्यानंतर पीसीआयवर आले ते स्वस्तातले विनमोडेम. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं, आणि पुढच्या काही वर्षांत घराघरांत डायल-अप पोचलं ते बहुतेक अशाच स्वस्त मोडेमांच्या जिवावर. विनमोडेमचा मेंदू कार्डावर नव्हताच, तो विंडोजच्या बंद ड्रायव्हरमध्ये होता. त्या काळी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेल्या पोरांना विचारा, किती रात्री त्या मोडेमने खाल्ल्या. बस नवी, कार्ड नवं, आणि तरी ते आधी मेलं. जुनी बस, जुनं कार्ड, पण कागद उघडे, तर ते जगलं. ‘जुनं म्हणून जातं’ हा सिद्धांत इथेच फसतो.

अजून घरचं उदाहरण देतो. पीसीवर मराठी ज्या कार्डाने आणली ते पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. मूळ काम आयआयटी कानपूरचं. डॉसच्या जमान्यात हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की साध्या टेक्स्ट प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची. ते प्लग अँड प्लेच्याही आधीचं. आज ते कार्ड चालवणारा पीसी शोधणं म्हणजे हस्तलिखित शोधण्यासारखंच. पण त्यामागची अक्षरांची संकेतप्रणाली, म्हणजे इस्की, १९९१ साली भारतीय मानक म्हणून छापून जाहीर झाली. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे इस्कीत साठवलेला मराठी मजकूर कार्ड मेल्यानंतरही आज बिनचूक युनिकोडमध्ये आणता येतो. याउलट नंतरच्या डीटीपीच्या काळात ज्याच्या त्याच्या खाजगी फॉन्टांत टाइप केलेली पानं बघा. गिरगाव-दादरच्या कुठल्याही छापखानेवाल्याला विचारा, जुनी फाइल उघडली की अक्षरांच्या जागी काय गिचमिड दिसते ते. एका ठिकाणी कागद उघडा होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. बाकी काही फरक नाही.

आता थोडं कडू. मी ज्या टॉवरमध्ये बसून हा सगळा पगार कमावतो तो गिरणीच्या जमिनीवर उभा आहे. आमच्या परळ-लालबागमध्ये ‘कालबाह्य’ हा शब्द जपून वापरावा लागतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांना, यंत्रांना आणि शेवटी माणसांनाही हाच शब्द चिकटवला गेला. यंत्रं खरंच जुनी होती की नाही, त्यावर वाद घालता येईल. पण ती जुनी आहेत हे कुणी ठरवलं आणि त्या ठरवण्यात फायदा कुणाचा होता, हे विचारायला इथला माणूस शिकलेला आहे. काकांच्या मशिनला कालबाह्य कुणी ठरवलं? पितळ तर अजून तेच आहे. कोरायची अक्षरंही तीच. ठरवलं ते एका कंपनीच्या कपाटात बंद राहिलेल्या चार-पाच हजार ओळींनी.

आणि हे फक्त आयएसएपुरतं असतं तर मी शनिवार वाया घालवला नसता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. किती तरी धडधाकट पीसी एका तारखेने ‘जुने’ झाले. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणजे गंमत बघा, आयएसए प्लग अँड प्लेचा कोड कर्नेलच्या सोर्समध्ये आहे, पण तो तयार बांधून घरपोच देणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे. पाणी टाकीत आहे, पाइप काढून नेलाय. त्याच वर्षी ४८६ प्रोसेसरचा सपोर्ट काढायचा प्रस्तावही कर्नेलच्या चर्चेत आला. आज आयएसए, उद्या तुमचा आत्ताचा स्कॅनर, परवा तुमच्या सोसायटीचा बायोमेट्रिक डबा. रांग एकच आहे, फक्त नंबर मागेपुढे.

तर मग करायचं काय? नुसता शंख करून उपयोग नाही, म्हणून तीन गोष्टी.

एक, विकत घेताना विचारा. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं सांगितलंत तर टॅक्सीवाला तुमच्याकडेच बघत बसेल) आपण दहा रुपये कमी करण्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो. त्यातली दोन मिनिटं या प्रश्नांना द्या: याचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नेलमध्ये आहे का? नसेल तर सोर्स मिळेल का? दुकानदार पहिल्यांदा वेड्यात काढेल. शंभर जणांनी विचारलं तर तो होलसेलरला विचारेल. धंदा असाच हलतो.

दोन, जनतेच्या पैशाने होणारी खरेदी. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. कागदावर छान आहे. पण सॉफ्टवेअर मुक्त आणि खालचा ड्रायव्हर कुलूपबंद असेल तर उपयोग शून्य. कॉलेजच्या लॅबमधलं, हॉस्पिटलमधलं, महापालिकेतलं प्रत्येक उपकरण घेताना टेंडरमध्ये एक ओळ हवी: कंपनीने सपोर्ट थांबवला तर ड्रायव्हरचा सोर्स आणि हार्डवेअरची माहिती खरेदीदाराला मिळेल. एक ओळ. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, टेंडर लिहिणाऱ्या इंजिनिअरने थोडं डोकं वापरलं की पुरे.

तीन, आपण स्वतः. हे सगळ्यात झोंबणारं आहे. आपल्यातले कित्येक जण रोज दुसऱ्याच्या जुन्या सिस्टिम जिवंत ठेवण्याचाच पगार घेतात. परदेशातल्या बँकेचा चाळीस वर्षांचा कोबोल ‘मिशन क्रिटिकल’, आणि परळच्या गाळ्यातलं वीस-पंचवीस वर्षांचं कार्ड ‘भंगार’? का, तर बँक डॉलरमध्ये देते आणि काका कटिंग पाजतात म्हणून? कर्नेलमध्ये मेंटेनर्स नावाची एक फाइल आहे. कुठला भाग कुणाच्या जबाबदारीवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच भागांपुढे ‘अनाथ’ असा शेरा असतो. महिन्यातला एक रविवार, एक जुना पीसी, एक ड्रायव्हर. नवं कर्नेल टाकून तो चालतो का बघा, मोडला असेल तर कळवा, जमलं तर दुरुस्त करा. “कोण वापरतं?” या प्रश्नाला कर्नेलच्या जगात एकच उत्तर चालतं, ते म्हणजे वापरून बघणाऱ्याचा ताजा रिपोर्ट. तो पाठवणारा आपल्यातला असू नये असा काही नियम नाही.

काकांचं काय झालं असं विचाराल, तर लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आयएसए स्लॉटचे दोन मदरबोर्ड मिळाले. एक लावला, एक कपाटात ठेवलाय. विंडोज ९८ परत धावतंय, गणपतीच्या ऑर्डरी वेळेत गेल्या. पण हा उपाय नव्हे, हे काकांनाही कळतं आणि मलाही. तो दुसरा मदरबोर्ड गेला की ते दणकट मशिन किलोच्या भावाने जाईल, आणि तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणेल, “बघ, मी म्हटलं नव्हतं, कोण वापरतं?”

वापरणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायचं आणि मग कुणी वापरत नाही म्हणून पुसून टाकायचं, याला प्रगती म्हणायची माझी तयारी नाही. तुमची आहे का, ते ठरवा.